आमचं विरजण कोण खात होतं

आमच्या घरी उजाडलं की नाही हे गाडगं कलतं करून ठरायचं. माय चुलीपुढे बसून एकेक गाडगं जवळ ओढायची, वरची झाकणी बाजूला ठेवायची आणि गाडगं हळूच तिरपं धरायची. दही जागचं हललं नाही की काही न बोलता दुसरं घ्यायची. अशी सहा गाडगी पाहून झाली की मग बाबांचा चहा. त्यातली चार गाडगी बाबा सायकलच्या कॅरिअरवरच्या फळीला दोरीने आवळून चिखल्याला, खाणीच्या वसाहतीत नेत. आमचं गाव चिखला आणि नाकाडोंगरीच्या मधलं, जंगलाला टेकलेलं, लहानसं. धानाची शेती होती, पण ती पावसाच्या भरवशावर. दह्याचं काम बारा महिन्यांचं. जमिनीखाली पाळी करून वर आलेल्या माणसांना जेवणात ताक लागायचं, आणि ताक आमच्याच घरचं असावं असं म्हणणारी बरीच घरं त्या वसाहतीत होती. माझा मोठा भाऊ सुधाकर त्याच खाणीत कामाला होता. खाली सुरुंग उडाला की आमच्यापर्यंत आवाज यायचा नाही, फक्त फडताळातली पितळी ताटं एकमेकांना लागून किणकिणायची. माय हातातलं काम थांबवून म्हणायची, "उडला." मग पुन्हा रवीची दोरी ओढू लागायची. रवीचा तो घुसळण्याचा आवाज, मधूनच ताटांची किणकिण आणि लांबून तिरोडीहून येणाऱ्या गाडीची शिट्टी, एवढे आवाज माझ्या कानात अजून क्रमाने आहेत. दुपारी कण्या शिजवून त्यात ताक घालून खायचं, वर लसणाची चटणी. लाखोळीचं वरण असलं तर सणच.

हे मी आज एवढं सविस्तर लिहिते आहे, कारण मुद्द्याकडे यायला मला वेळ लागतो. माझ्या नोकरीचं आता दीडेक वर्ष उरलं आहे. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि सहकारी मला अबोल म्हणतात. तर आधीच सांगून टाकते: माझ्या एका खोट्या वाक्यामुळे माझ्या वहिनीचं घर गेलं. पुढे वाचताना कोणी माझ्याबद्दल चांगलं मत करून घेऊ नये, म्हणून हे इथेच.

विरजणाला आमच्याकडे इरजन म्हणत. आमचं विरजण आजीच्या लग्नापासूनचं, असं माय सांगायची. म्हणजे आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला, उद्याचं परवाच्या, असं ते मधे कधीच न तुटता चालत आलेलं. शेजारची जनाकाकू तेच विरजण कित्येक वर्षांपूर्वी आमच्याकडून घेऊन गेली होती आणि तिच्या घरीही ते चालू होतं. दिवे लागल्यावर विरजण कोणाला द्यायचं नाही, हा मायचा नियम. दुसरा नियम गाडगी तपवायचा. आदल्या दिवशी रिकामं झालेलं गाडगं आधी राखेने घासायचं, आधणाच्या पाण्याने भरून ठेवायचं, ते पाणी ओतून गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, उपडं घालायचं, आणि मातीचा रंग बदलेपर्यंत तिथेच ठेवायचं. सहा गाडग्यांना तासभर सहज जायचा. मी तुमसरच्या कॉलेजात नाव घालायचं म्हटलं तेव्हा बाबा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की रोजची गाडगी माझी. ज्या दिवशी गाडगी तपवायची राहिली त्या दिवशी कॉलेजही राहिलं असं समज. गावातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी होते. बाबांचे शब्द कडक वाटतील, पण त्यांच्या तोंडून तो होकारच होता, आणि मला ते कळलं होतं.

पहिलं वर्ष मी गाडगी नेमाने तपवली. दुसऱ्या वर्षी गाडीची वेळ बदलली आणि ती सकाळी लवकर सुटू लागली. जूनमध्ये कॉलेज उघडलं, गोवऱ्या ओल्या होऊ लागल्या, आर धरेना. एका सकाळी शिट्टी ऐकू आली तेव्हा माझी दोनच गाडगी झाली होती. उरलेली चार मी घमेल्यातल्या पाण्यात विसळली, ज्या पाण्यात आधीची विसळली होती त्याच, आणि एकेक धुरावर क्षणभर धरली. धुराचा वास लागला की मायला पटायचं. दुसऱ्या दिवशी दही लागलं. तिसऱ्या दिवशीही लागलं. मग मी रोजच धुरावर धरू लागले. आळस हा शब्द इथे पुरेसा आहे. त्याला दुसरं नाव देत नाही.

वहिनी त्याच वर्षी वैशाखात लग्न होऊन आली होती. तिचं नाव सिंधू. पवनीच्या बाजूचं, वैनगंगेच्या काठचं तिचं गाव. धरण होणार असं तेव्हा तिकडे नुसतं बोललं जायचं. ती उंच होती, चालताना पाय न वाजवता चालायची, त्यामुळे माय दोन-तीनदा दचकली होती. सातवीपर्यंत शिकलेली. मी अभ्यासाला बसले की काही निमित्त काढून जवळ यायची आणि वहीतली चित्रं पाहायची. तिला सगळ्यात नवल वाटायचं ते न दिसणाऱ्या गोष्टींची चित्रं काढता येतात याचं. गाडग्यांना मात्र तिने हात लावायचा नव्हता. नव्या सुनेकडे एवढ्यात दह्याचं नको, असं मायनेच ठरवलं होतं. ती विहिरीवरून पाणी आणायची आणि मी गाडगी धुरावर धरायचे. तिने ते पाहिलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. मला तेव्हा फारसं काहीच वाटत नव्हतं, कारण मला गाडी गाठायची असायची.

आषाढ लागला आणि एका सकाळी मायने गाडगं कलतं केलं तर दूध तिच्या मनगटावरून ओघळलं. दूध नासलं नव्हतं, आंबलं नव्हतं, तसंच होतं, थोडं पातळ आणि किंचित कडसर. माय आधी सुरुंगाला बोलली. धक्क्यानं दही मोडलं म्हणाली. मग म्हशीला पडलेल्या नव्या चाऱ्याला. जनाकाकूकडून आमचंच विरजण परत आणून लावलं. जनाकाकूच्या घरी तेच विरजण विटेसारखं घट्ट लागायचं, आमच्या घरी पाणी. बाबा दोन दिवस चिखल्याला गेलेच नाहीत. वसाहतीतल्या बाया काय विचारतील याची त्यांना लाज वाटत होती. मायचा संसार त्या गाडग्यांवर उभा होता, तिने आठ दिवसांत सगळी कारणं संपवली आणि एका संध्याकाळी भाकरी थापता थापता, कोणाकडेही न पाहता म्हणाली, "आपल्या इरजनाले कोनी तरी खाऊन राह्यलं."

आमच्याकडे करणीचा असा संशय कोणी सहज बोलून दाखवत नाही. भाऊने ताटातला हात थांबवला. वहिनी कोपऱ्यात तांदूळ पाखडत होती, तिच्या सुपाचा आवाज थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला, पण आधीपेक्षा हळू.

त्याच पंधरवड्यात कॉलेजात आमच्या कापगते सरांनी फेज शिकवायला घेतले. सर स्वतः धानपट्ट्यातले, बोलण्यात गावचा सूर, फळ्यावर अक्षर मात्र छापल्यासारखं. जीवाणू किती लहान असतात ते आम्ही शिकलो होतो. सर म्हणाले की त्या जीवाणूंनाही आजारी पाडणारे विषाणू असतात. ते जीवाणूच्या अंगाला चिकटतात, आपला ऐवज आत सोडतात, आत आपल्यासारखे पन्नास-शंभर तयार करून घेतात आणि जीवाणू फोडून बाहेर पडतात. "फेज या शब्दाचा अर्थच मुळी खाणारा," सर म्हणाले. मी ते वहीत लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. मग त्यांनी या खाणाऱ्यांचा माणसाने काय उपयोग करून घेतला ते सांगितलं. प्रत्येक फेजचा घास ठरलेला असतो, त्यामुळे विषमज्वराचा रोगी सापडला की त्याचे जंतू कोणत्या घराण्याचे ते मोठ्या प्रयोगशाळेत फेज लावून ओळखतात, आणि साथ कोणत्या विहिरीपासून निघाली तिथपर्यंत जातात. काही देशांत तर जखमेवर औषध म्हणून फेज देतात. आनुवंशिकतेचं द्रव्य कोणतं हेही फेजवरच्या प्रयोगातूनच पक्कं झालं. "दिसायला एवढासा," सर म्हणाले, "पण जातीचा पक्का. आपल्यासारखंच आहे पोट्टेहो, जातीबाहेर जेवत नाही." वर्ग हसला. मीही हसले.

रविवारी मी ती आकृती वहीत नीट काढत बसले होते. सहा बाजूंचं डोकं, खाली नळी, नळीच्या टोकाला वाकलेले पाय. वहिनी मागे येऊन उभी राहिली.

"हे काय होय व?"

मी म्हटलं, एक विषाणू आहे.

"हा त कंदील होय," ती म्हणाली, "पाय असलेला." आणि पदर तोंडाला लावून हसली. त्या पंधरवड्यात ती हसलेली मी तेवढीच पाहिली.

सरांनी सांगितलं होतं की ज्याला जमेल त्याने फेज शोधायला काहीतरी आणा. कोणी नाल्याचं पाणी आणलं, कोणी तळ्याचं. मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत आमच्या न लागलेल्या दुधाचं वरचं पाणी नेलं आणि डब्यात जनाकाकूचं दही. सरांनी काचेच्या चार नळ्या घ्यायला लावल्या. सगळ्यांत तापवून गार केलेलं दूध आणि जनाकाकूचं विरजण. दोन नळ्यांत आमच्या घरचं पाणी तसंच घातलं, दोन नळ्यांत तेच पाणी उकळून. सकाळी उकळलेल्या पाण्याच्या नळ्या मी उलट्या केल्या तरी दही हललं नाही. दुसऱ्या दोन नळ्यांतलं दूध माझ्या हातावर आलं, मायच्या हातावर आलं होतं तसंच. पुढच्या आठवड्यात सरांनी ते पाणी बारीक गाळणीतून काढून जीवाणूंच्या थरावर थेंबाथेंबाने टाकायला शिकवलं, आणि थेंब पडला होता तिथे तिथे स्वच्छ गोल खिडक्या उघडल्या. सर खूश झाले. सगळ्या वर्गाला बोलावून ती बशी उजेडात धरून दाखवली. परदेशात चीजचे कारखाने या खाणाऱ्याला फार घाबरतात, म्हणून ते दोन-तीन वेगळी विरजणं पाळतात आणि आलटून पालटून लावतात, असंही त्यांनी सांगितलं. मग मला विचारलं, "घरी भांडी तापवत नाहीत का नीट?"

"तापवतात, सर," मी म्हटलं. पहिलं खोटं ते. ते सोपं गेलं.

त्याच दिवशी घरी जाऊन मी सांगू शकले असते. घरात काचेच्या नळ्या लागल्या नसत्या, दोन वाट्या पुरल्या असत्या. एका वाटीत उकळलेलं पाणी, एकीत न उकळलेलं. एवढ्यावर माझ्या मायला पटलं असतं, कारण माय डोळ्यांनी पाहिलेलं मानायची. पण दुसऱ्याच वाक्याला तिने विचारलं असतं की मग गाडग्यात हे उरलं कसं, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. मी घरी पोचले तेव्हा घरात हसण्याचा आवाज येत होता. वहिनीचा भाऊ आला होता. बहिणीच्या घरी दही लागत नाही हे त्याच्या कानावर गेलं होतं, म्हणून त्याच्या आईने त्यांच्या घरच्या विरजणात स्वच्छ चिंधी भिजवून, सावलीत वाळवून त्याच्याजवळ दिली होती. मायने ती दुधात टाकली. सकाळी सहाही गाडगी लागली. मला त्याचं कारण माहीत होतं: आमच्या गाडग्यांतला खाणारा आमच्या विरजणावर पोसलेला, त्याला हे परगावचं विरजण खाता येत नव्हतं. दही लागतं आहे, बाबा चिखल्याला जात आहेत, आता बोलून काय करायचं, असं मी स्वतःला समजावलं. आठ दिवस मी रोज त्यातली तीन-चार गाडगी नीट तपवली. मग पुन्हा धुरावर धरू लागले.

माय मात्र मनात एक एक गोष्ट जोडत होती, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. आमचं विरजण जनाकाकूकडे जगतं. आमच्या घरी मरतं. नव्या सुनेच्या माहेरचं आमच्याच घरात, आमच्याच गाडग्यांत जगतं. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. हीच वाक्यं मी परीक्षेत फेजचा नेमका घास समजावून सांगायला लिहिली असती तर मला पूर्ण गुण मिळाले असते. मायने त्याच वाक्यांचा दुसरा अर्थ लावला. तिच्याजवळ तेवढाच अर्थ होता. जनाकाकूने एकदा गमतीने म्हटलंही, की सुधाकरची बायको आपलं घर पाठीवर घेऊन आली व माय, तुमचं आता पुसून टाकते. गंमत होती ती. माय हसली नाही.

मग गोकुळाष्टमीचा कान्होबा आला. गावच्या काल्याचं दही आमच्या घरून जायचं, आणि ते आमच्याच विरजणाचं असायला हवं होतं; सुनेच्या माहेरचं देवाला कसं चालेल? मायने जनाकाकूकडून जुनं विरजण आणून ठेवलं. मला हे आदल्या दिवशी सकाळी कळलं. त्या दिवशी मी खरोखर गाडगी तपवायला बसले. लाकडं ओली होती. चार गाडगी झाली, मातीचा रंग बदलला, आणि शिट्टी वाजली. त्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. उरलेली दोन मी धुरावर धरली आणि ओळीत शेवटी उपडी घातली. संध्याकाळी परत आले तर माय दुधाला विरजण लावत होती. चार गाडग्यांना सुनेच्या माहेरचं विरजण, आणि देवाची म्हणून ओळीतली शेवटची दोन तिने वेगळी काढली होती. मी उंबऱ्यात उभी राहून पाहिलं. "माय, ती दोन नको," एवढं म्हणायचं होतं. का नको, ते म्हणावं लागलं असतं.

सकाळी दोन्ही गाडग्यांतलं दूध वाहिलं. बाकीची चार घट्ट.

मायने आरडाओरडा केला नाही. ती दोन्ही गाडगी ओसरीवर घेऊन आली, बाबांपुढे ठेवली आणि म्हणाली, "माह्या हातानं लावलं. माह्या हातानं झाकलं. मधात हिनंच झाकनी उचलली."

"मुंगी दिसली म्हनून उचलली, माय," वहिनी म्हणाली. "मंग लगेच ठेवली."

"तुह्या माह्यरच्या इरजनाले मुंगी नाही लागत?"

भाऊ भिंतीकडे तोंड करून खाणीचे बूट घालत होता. त्याची पाळी नव्हती त्या दिवशी. मायने माझ्याकडे वळून विचारलं, गाडगी तपवली होती ना. मी हो म्हटलं. मग बाबा बोलले. बाबा मला नावाने हाक क्वचितच मारत. कॉलेजात जाऊ लागल्यापासून तर कमीच.

"मंदा, तू हेच शिकून राह्यली ना? दूध कायनं लागते, कायनं नाही. तुह्या पुस्तकात काही असन त सांग. कोनी इरजन खाते या गोष्टीवर माहा भरोसा नाही, पन मले दुसरं काही समजत बी नाही."

ते मला वाट काढून देत होते. त्यांनी त्या घरात पहिल्यांदाच कोणाला तरी असं विचारलं होतं, आणि ते मला विचारलं होतं. वहिनीही माझ्याकडे पाहत होती. माझी वही खुंटीवरच्या पिशवीत होती, त्यात तो पायांचा कंदील होता.

मी म्हटलं, "पुस्तकात असं काही नाही, बाबा."

बाबांनी मान हलवली, जणू त्यांना तेच अपेक्षित होतं. वहिनीने नजर खाली घेतली. पुढचं फार पटकन झालं. तिच्या भावाला निरोप गेला. चार दिवसांसाठी ने म्हणाले, घर जरा निवळू दे. ते चार दिवस संपले नाहीत. ती गेली तेव्हा तिने मायच्या, बाबांच्या पाया पडून मला विचारलं की परीक्षा कधी आहे. मी सांगितलं. एसटी येईपर्यंत आम्ही दोघी वडाखाली उभ्या होतो.

मायने सगळी जुनी गाडगी तळ्याच्या पाळीवर नेऊन फोडली. ती चिंधी, जी तिने वाळवून डबीत ठेवली होती, चुलीत घातली. नाकाडोंगरीच्या बाजारातून नवी गाडगी आणली आणि या वेळी स्वतः तपवली, रंग बदलेपर्यंत, सहाही. जनाकाकूचं विरजण लावलं. सकाळी तिने पहिलं गाडगं कलतं केलं, मग पुरतं आडवं केलं. दही तसूभर हललं नाही. तिने ते आडवं गाडगं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "पाह्य." मी पाहिलं. त्यानंतर त्या घरात या विषयावर कोणी शंका काढली नाही. भाऊचं दोन वर्षांनी दुसरं लग्न झालं. मी शिकले. माय आणि बाबा दोघेही ती खात्री घेऊनच गेले.

गेली बत्तीस वर्षं मी दर पावसाळ्यात फेजचं प्रात्यक्षिक घेते. नाल्याच्या पाण्याने घेते. दह्याने घ्यायला सोपं पडतं, मुलांना आवडतंही, एकदोघांनी विचारलंही की मॅडम, दह्यावर करू या का. मी म्हणते, वास येतो. मुलं उजेडात बशी धरून त्या गोल खिडक्या मोजतात आणि मी मागच्या बाकाजवळ उभी असते.

मागच्या माघात मी वहिनीकडे गेले. तिचं जुनं गाव आता गोसीखुर्दच्या पाण्याखाली आहे. पुनर्वसनाच्या गावात सारख्या रस्त्यांवर सारखी घरं, दारांसमोर वाळत घातलेली जाळी आणि धानाचे ढीग. ती भावाच्या घरी राहते. भाऊ वारला, आता भाच्याचा संसार आहे. तिने मला लगेच ओळखलं. चालताना पाय अजूनही वाजत नाहीत. चहा झाला, माझ्या भावाची, सुधाकरची, त्याच्या मुलांची चौकशी झाली, तिने सगळं नीट विचारलं. मग मी सांगितलं. गाडगी धुरावर धरायचे ते, सरांनी करून घेतलेला प्रयोग, बाबांनी विचारलं तेव्हा मला काय माहीत होतं ते. मी वर्गात सांगते तसं क्रमाने सांगितलं, दुसऱ्या रीतीने मला सांगता आलं नाही.

तिने लाखोळीच्या डाळीचं ताट जवळ ओढलं आणि निवडू लागली.

"तू गाडगे तपवत नोहती, हे मी पाह्यलं होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस.

"तुहं कालेज बंद पडलं असतं. अन् मले काय मालूम, त्यानं दही लागत नाही म्हनून? मी समजली माह्याच हातात काही असन." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "तवा सांगतलं असतं त त्यायनं मानलं असतं का?"

"बाबांनी मानलं असतं."

"हो," ती म्हणाली. "मामंजीनं मानलं असतं." आणि पुन्हा निवडू लागली. मी तिला कंदिलाची आठवण करून दिली. तुला आठवतं का, माझ्या वहीतलं ते चित्र, पाय असलेला कंदील, तू हसली होतीस. तोच खात होता. तुझ्या हाताचा त्यात काही संबंध नव्हता. पाणी उकळलं की तो मरतो, बस, एवढंच. मी हे सांगत होते तेवढ्यात दिवेलागण झाली आणि भाचसून दुधाचं पातेलं, वाटीत विरजण आणि चमचा घेऊन आत आली. आमच्यापासून दोन हातांवर बसली.

वहिनी माझं वाक्य चालू असतानाच उठली. पदर आवरून घेतला, लाखोळीचं ताट उचललं आणि ओसरीवर जाऊन घराकडे पाठ करून उभी राहिली. भाचसुनेने वर पाहिलंसुद्धा नाही. रोजचंच असावं ते. तिने विरजण घातलं, ढवळलं, पातेलं कोपऱ्यात नेऊन ठेवलं. झाकणीचा आवाज झाला.

मग वहिनी आत आली, माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "हं, सांग. त्या कंदिलाचं काय म्हनत होती तू?"